उन्हातलं घमेलं

"हर्षित म्हणतो, वाळूतले उड्या मारणारे किडे सूर्य बघून दिशा धरतात," नीलेश म्हणाला, आणि दीपिकाच्या कपाळाला आठी पडली.

सुट्टी लागल्यापासून नीलेशच्या तोंडी दुसरं नावच नव्हतं. हर्षित बोईसरच्या कॉलनीतला, इथे दांडी गावात आत्याकडे आलेला. या किड्यांच्या शर्यती लावायच्या त्या दीपिका आणि नीलेशने, अगदी पहिलीपासून. आता नीलेश बसायचा तो पाहुण्याच्या शेजारी. दीपिकाचा नुसता जळफळाट होत होता.

पण आज रुसायची सोय नव्हती. होड्या ओढतात तिथली वाळू कुणीतरी खणून नेली होती आणि आळ आला होता नीलेशच्या बाबांवर. गावात टेम्पो एकट्या मारुतीकाकांचाच ना! शाळेची भिंत बांधणारा ठेकेदार शिवाजीशेठ तसं सांगत फिरत होता. त्याच्या ट्रॅक्टरने काल शाळेपुढे ओली वाळू टाकली होती, पण ती म्हणे खाडीची. आज गावकीची सभा बसली की टेम्पो बंद होणार होता.

"शेठच्या ढिगात किडे जिवंत आहेत," हर्षित म्हणाला. "कोरड्यात टाकले की ते आपल्या पाण्याकडे उड्या मारतात. त्या खाडीकाठी पाणी उत्तरेला, इथे समुद्र पश्चिमेला. कुठेही नेले तरी ते आपली दिशा सोडत नाहीत."

गावकी ताडपत्रीच्या मांडवात जमली. हर्षितने मधोमध उंच काठाचं घमेलं ठेवलं, ढिगातले किडे आत सोडले. किडे उडाले, पण चहूकडे. लोक हसायला लागले.

"झाला का शाळेचा तास?" शिवाजीशेठने विचारलं.

कुठे चुकलं ते दीपिकाला लगेच कळलं होतं. पण ती गप्प राहिली. हर्षितची बरी जिरली, असं तिला वाटलं आणि बरंही वाटलं. मग मारुतीकाका उठले. त्यांनी टेम्पोची चावी सरपंच गोदूआजींपुढे ठेवली. नीलेशने मान खाली घातली.

दीपिकाला राहवेना.

"आजी, सावलीत ते येडे होतात. आमी सावलीत कधी शर्यत लावत नाय. घमेलं उन्हात न्या."

उन्हात घमेलं ठेवताच किडे एकामागून एक पश्चिमेच्या काठाशी गोळा झाले. घमेलं गोल फिरवलं, तरी पुन्हा पश्चिमेलाच. मग हर्षितने बरणीत आणलेले खाडीचे किडे दीपिकाने स्वतः सोडले. ते सरळ उत्तरेला गेले.

शिवाजीशेठने घाम पुसला. "खाडी लांब पडते हो. दोन खेपा नेल्या इथून..."

"दोन खेपा, आणि नाव मारुतीचं?" गोदूआजी कडाडल्या. "वाळू परत टाक. मारुतीची माफी माग, इथंच, सगळ्यांसमोर." मग त्यांनी हर्षितची पाठ थोपटली. "पोरा, गावाची लाज राखलीस."

"दीपिका बोलली नसती तर माझं हसंच झालं असतं," हर्षित म्हणाला. आजींनी तिलाही जवळ घेतलं. सगळे वाखाणत होते, पण नीलेश तिच्याकडे एकटक बघत होता.

घरी जाताना त्याने विचारलंच, "तुला आधीच ठाव होतं ना?"

"होतं."

"बाबांची चावी गेली असती, दीपे."

"तू सारखा हर्षितकडंच बसतोस," ती कशीबशी म्हणाली. डोळे भरून आले होते.

नीलेशने वाटेतला एक शिंपला पायाने उडवला. मग म्हणाला, "उद्या शर्यत लावू. तिघं."

'तिघं' हा शब्द माशाच्या काट्यासारखा तिच्या घशात अडकला. तिने तो गिळला.

"त्याला सांग, सकाळी लवकर ये म्हणून," ती म्हणाली.