टाकीच्या झाकणाची कडी

तो दिवा मालवा पोरांनो, पाखरं गोळा व्हायलेत. झोप येत नसंल तर एक सांगतो. उद्या पाणी सोडायच्या ट्रेनिंगमधी साहेब पयलं वाक्य हेच सांगतील, की टाकीचं झाकण उघडं ठेवू नका. बरोबरच हाय त्यांचं. पण मी सांगतो ते त्यांच्या पुस्तकात न्हाई. माझा मावसभाऊ अंगद, त्याच्यावर गुदरलेलं हाय. त्याच्या तोंडून ऐकलंय, अन् अंगद काय थापा मारणारा माणूस न्हाई.

नेकनूरच्या पुढं, डांबरी सोडून आत एक गाव हाय. नाव नका इचारू. गावाबाहेर माळावर पाण्याची उंच टाकी. अंगद तितं पाणी सोडायला हाय. त्याच्या आधी शहादेव म्हणून माणूस व्हता. तो त्याच टाकीत मेला. दिवस मावळायला टाकी धुवायला आत उतरला, तो घरी आलाच न्हाई. रात्री लाईट आली, मोटार आपोआप चालू झाली, टाकी भरली. लोकांनी विहिरी हुडकल्या, उसाचे फड हुडकले. अन् इकडं नळाला पाणी येतच व्हतं. गाव पीतच व्हतं. मग बाया म्हणाय लागल्या, पाण्याला वास येतोय... तवा कोणीतरी वर चढलं.

पाय घसरून पडला, असं कागदावर आलं. पण वर चढणाऱ्यानं एक बगितलं व्हतं. झाकणाला कडी घातलेली व्हती. बाहेरून.

आता तुमीच सांगा. आतला माणूस बाहेरून कडी कशी लावंल?

गावात सगळ्यांला हे ठाव, अन् बोलत कोणीच न्हाई. नुसतं एकमेकाच्या तोंडाकडं बगायचं. ह्यानं लावली का त्यानं? शहादेवची बायको भामाबाई, तिनं तर त्या दिसापासून नळाचं पाणी तोंडाला लावलं न्हाई. उन्हातान्हात हापशावर जायची.

शहादेवच्या जागी अंगद आला. तुमच्यासारखंच ट्रेनिंग करून आलता. त्यानं झाकणाला कुलूप घातलं, एक किल्ली करदोड्याला बांधली, दुसरी दगडानं ठेचून फेकून दिली. इतका संशयी! साल-दीड साल काय न्हाई झालं. मग एका सकाळी वर गेला, तर झाकण उघडं. कुलूप तसंच लटकलेलं. तोडलेलं न्हाई. उघडलेलं. किल्ली तर ह्याच्या कमरेला. त्यानं परत लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडं. नवं कुलूप आणलं, तरी तेच.

अंगदचा संशय सरळ धर्मराजवर गेला. हा मागला सरपंच. इलेक्शनमधी पडलेला, अन् पडल्यापासून कोणाशी बोलत नसलेला. आमच्या गल्लीला पाणी कमी सोडतो म्हणून शहादेवसंग त्याचं चारचौघात वाजलंही व्हतं. अंगदला वाटलं, हा पाण्यात काय टाकून माझ्यावर आणतो की काय? सारं गाव पिणार, लेकरं पिणार, अन् धरणार मला.

वैशाखातल्या अमावस्येची आदली रात. रविवार. अंगद नेकनूरला गेलता, पाण्यात टाकायची टीसीएल पावडर आणायला. येताना गाडी पंक्चर झाली, टाकीपाशी यायला रात झाली. पावडरीचं पोतं खालच्या खोलीत टाकावं अन् घरी जावं, एवढाच इचार. पोतं ठेवलं, दार ओढलं. वर बगितलं.

शिडीवर माणूस.

हळूहळू चढायलता. अंगदनं गाडीचा लाईट लावला न्हाई, हाक मारली न्हाई. चपला काढल्या अन् त्याच्या मागं चढला. वर जाऊन त्याच्या पाठीवर टॉर्च मारली. धर्मराजच!

"हातात काय हाय?" अंगद वरडला. "दाखव! काय टाकलं पाण्यात?"

धर्मराजनं दोनी हात वर केले. मोकळे. अंगदनं गचांडी धरली त्याची. "बोला की आबा! कावून येता रोज इतं? साऱ्या गावाला मारायचंय का?"

"न्हाई रे बाबा..." असं म्हणून धर्मराज तितंच खाली बसला. मग जे बोलला, ते अंगद कधी इसरणार न्हाई.

"त्या दिशी मीच लावली कडी. बीडहून आलतो मीटिंग करून. साहेब म्हणले व्हते, झाकणं उघडी दिसली तर सरपंचाला धरू. येता येता बगितलं तर झाकण उघडं. ट्रॅक्टर खाली चालूच ठेवला, वर आलो, लावलं, कडी घातली, निगून गेलो."

"आत बगितलं न्हाई?"

"न्हाई."

"हाक?"

धर्मराजनं खाली शिडीच्या पायथ्याकडं बगितलं.

"शिडीखाली चपला व्हत्या," तो म्हणला. "बगितल्या मी. ध्यानात न्हाई आलं."

ध्यानात आलं न्हाई, का आलं... ते त्यालाच ठाव. मी ऐकलं तसं सांगतो.

तरी अंगदचा संशय काय सुटंना. म्हणला, "मग आता रोज येऊन झाकण कावून उघडता? अन् किल्ली कुठून घावली?"

धर्मराजनं मान वर केली.

"किल्ली? मी कुठं उघडतो? मला रातभर ठकठक ऐकू येती, झोप लागत न्हाई, म्हणून येतो. मी येतो तवा... ते उघडंच असतं."

अंगदनं टॉर्च झाकणाकडं वळवली.

बंद व्हतं. कुलूप लागलेलं.

वारं न्हाई. खाली गावात कुत्रं भुंकंना.

ठक.

झाकणाच्या खालून.

ठक... ठक.

धर्मराजनं अंगदचं मनगट धरलं. अंगदला कमरेची किल्ली सुटंना. शेवटी करदोडाच तोडला. किल्ली कुलपात घातली. आवाज थांबला. झाकण उचललं.

पाणी. काळं. काठोकाठ.

पाण्यावर साधी लाट न्हाई.

आता इतं मला अंगदचं कौतुक वाटतं. पळाला न्हाई तो. झाकण लावलं, कुलूप घातलं, धर्मराजला खाली उतरवलं, अन् टाकी धुवायला जो खालचा व्हॉल्व्ह असतो तो पुरा सोडून दिला. रातभर पाणी माळावर वाहत व्हतं. म्हणला, हे पाणी उद्या मी कोणाच्या घागरीत सोडणार न्हाई. मोटारीचा फ्यूज काढून खिशात घातला. दोघं शिडीच्या पायथ्याला बसले. शिडीवर कोणी चढलं न्हाई, कोणी उतरलं न्हाई. धर्मराजला पळून जाऊ द्यायचं न्हाई म्हणून अंगद बसला, अन् धर्मराज... त्याला घरी जायची हिंमत नव्हती.

उजाडलं. नळाला पाणी न्हाई म्हणून बाया घागरी घेऊन टाकीकडंच आल्या, मागं गडीमाणसं. सरपंच सत्यशीलाबाई आल्या. भामाबाईला अंगदनं निरोप धाडला व्हता, ती आली अन् बाजूला उभी राहिली. धर्मराज उठला. साऱ्यांच्या देखत तिच्यापुढं जाऊन सगळं सांगितलं. कडीचं, ट्रॅक्टरचं, चपलांचंबी.

मला वाटलं व्हतं ती शिव्या देईल, दगड उचलंल. अंगद म्हणतो, ती नुसती बगत राहिली त्याच्याकडं. मग म्हणली,

"आबा, एक हाक मारायची व्हती."

एवढंच. धर्मराज दुपारी आपल्या पायानं ठाण्यात गेला. त्याचं पुढं काय व्हायचं ते कोर्टात चाललंय.

पण तुमाला सांगायचं ते हे न्हाई.

धर्मराजचं बोलून झाल्यावर सत्यशीलाबाई म्हणल्या, टाकी रिकामी झालीच हाय तर धुवून काढा. अंगद वर गेला. मागं दोन गडी. कुलूप जसंच्या तसं व्हतं. उघडलं. कोणी आत उतरायच्या आधी अंगदनं टॉर्च मारली. तळाला बोटभर गाळ. ओला, गुळगुळीत, पाणी नुकतंच उतरलेलं.

गाळात पावलं व्हती.

अनवाणी. एका माणसाची. पलीकडच्या भिंतीपासून सुरू झालेली... भिंतीपाशी यायची पावलं न्हाईत. नुसती तितून निघालेली. सरळ चालत आतल्या शिडीपर्यंत आलेली.

अन् परत गेलेली न्हाईत.