खिडकीवरचं काळं फडकं

वाचता वाचता बायको मध्येच थांबली, तेव्हा थोरल्याला वाटलं, चष्मा पुसायला थांबली असेल. सकाळचे सहा वाजले होते, स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन कप चहा निवत होता आणि धाकट्या भावाने स्वतःच्याच आयुष्यावर लिहिलेल्या सिनेमाच्या स्क्रिप्टची जाडजूड चळत तिच्या मांडीवर होती. अठ्ठावीस वर्षं या परक्या मुलखात काढूनही थोरल्याला इथली लिपी काही धड वाचता येत नसे. बोलायला पोपट आणि वाचायला ठोंब्या, असं ती त्याला चिडवायची, आणि रोज सकाळी त्या दिवसाच्या शूटिंगची पानं मात्र स्वतःच वाचून दाखवायची, म्हणजे कुठे किती उजेड लागणार ते त्याला कळावं.

"पुढे वाच ना," तो म्हणाला.

"पुढे काय वाचू? मुलगा एकटा गाडीतून उतरतो. एकटा खोली शोधतो. त्या खोलीत दोन वर्षं एकटा राहतो..." तिने पानं मागेपुढे केली, पुन्हा एकदा केली आणि सगळी चळत टेबलावर उपडी ठेवली. "अहो, यात तुम्ही नाहीच आहात."

थोरल्याने चहाचा घोट घेतला. सिनेमा काही पहिल्या पानापासून काढत नाहीत. जागा मिळेल, नट मिळेल तसा काढतात. गेले बावीस दिवस हिरोच्या मोठेपणाचं, नावलौकिकाचं शूटिंग झालं होतं, आणि त्यात आपण नाही याचं थोरल्याला काही वाटलं नव्हतं. नावलौकिकात त्याचं काय काम? पण आजपासून ती खोली येणार होती... पहिली खोली, दोघा भावांची. आपण तिथे असणार, या भाबड्या आशेवर तो बावीस दिवस शिडीवर चढत-उतरत होता, हे त्याचं त्यालाही आत्ताच कळलं.

"दोन भाऊ म्हणजे पडद्यावर गर्दी होते," तो म्हणाला आणि बूट शोधायला वाकला.

"गर्दी? भाऊजींना या धंद्यात आणलं कुणी? दिव्यांचे पेटारे उचलणारा हमाल होतात तुम्ही, आणि त्या दिग्दर्शकासमोर हात जोडून म्हणालात, माझ्या भावाला सिनेमा तोंडपाठ आहे, त्याला ठेवून घ्या. आणि आज त्यांच्याच जन्मकथेत तुम्हाला जागा नाही? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"तू काही बोलू नकोस त्याला. शेवटचं काम आहे माझं. गोडीत होऊन जाऊ दे."

हे मात्र खरं होतं. गुडघ्यांनी कधीचा संप पुकारला होता, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की यापुढे शिडी चढलात तर उतरायला चार माणसं लागतील. हा सिनेमा संपला की घरी बसायचं ठरलं होतं. बायको या सिनेमाचा कपडेपट सांभाळत होती. तीही शिवणाचा डबा घेऊन निघाली, पण स्टुडिओ येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. ती बोलत नसली की थोरल्याला जास्त भीती वाटे.

ते दोघे भाऊ या मुलखात आले तेव्हा इथल्या भाषेत वर्षाला जेमतेम तीन सिनेमे निघत, आणि तेही बघायला नटांचे नातेवाईकच जास्त. आता दर शुक्रवारी एक लागायचा. बंद पडलेल्या गिरणीत आज पाच स्टुडिओ होते, परदेशच्या महोत्सवांत इथले सिनेमे जात होते, आणि त्यातल्या निम्म्यांवर ज्याचं नाव असे आणि लोक ते अभिमानाने घेत, तो धाकटा इथला नव्हताच. 'बाहेरून आला आणि आमच्यातला झाला,' असं त्याच्याविषयी वर्तमानपत्रं लिहीत. थोरल्याविषयी कुणी काही लिहीत नसे. सेटवर सगळे त्याला दादा म्हणत, पण वयाने मोठ्या लाइटमनला सगळीकडे दादाच म्हणतात; दिग्दर्शकाचा तो सख्खा भाऊ आहे, हे नव्या लोकांतल्या निम्म्यांना माहीतसुद्धा नव्हतं. आपल्यामुळे धाकट्याला कुणी कमी लेखू नये म्हणून थोरल्यानेच ते कधी सांगितलं नव्हतं.

स्टुडिओचं दार ढकलून तो आत आला आणि जागच्या जागी उभा राहिला.

ती खोली समोर होती. धाकट्याने काढून दिलेल्या चित्रावरून कलादिग्दर्शक बाईंनी ती जशीच्या तशी उभी केली होती... ओल धरलेली भिंत, एकच खाट, पत्र्याचं कपाट, स्टोव्ह ठेवायचा फळकुटाचा कट्टा. आणि खाटेच्या वर, पूर्वेच्या खिडकीवर, वरच्या दोन कोपऱ्यांत दोन खिळे ठोकून ताणून लावलेलं काळं कापड!

थोरला खाटेपाशी गेला. म्हणजे पोरगा विसरला नव्हता. माणूस गाळला, पण हे ठेवलं... पडद्यावर कुणाला कळो न कळो, आपल्याला कळावं म्हणून ठेवलं. सकाळपासून उरात रुतून बसलेलं काहीतरी एकदम सैल झालं, आणि आपण बायकोच्या नादाने उगीच मनात किल्मिष धरलं, याची त्याला लाजही वाटली.

"बाई, काम झकास झालंय," तो म्हणाला. "फक्त हे पडद्याचं कापड काढा. कोट लावा. अस्तर खोलीच्या बाजूला, बाह्या आत दुमडून. खाली एक बटण लोंबत होतं."

बाई गोंधळल्या. "कोट? नाही हो दादा. सरांनी तर सांगितलं, घरमालकाने ठोकलेलं काळं फडकं. हे बघा, त्यांच्या अक्षरात लिहिलंय."

त्यांनी चित्राचा कागद पुढे केला. ती अक्षरं थोरल्याला वाचता येईनात. पण त्या वाचून दाखवत होत्या ते त्याला ऐकू येत होतं. घरमालकाचं फडकं. उजेडाचा टिपूस नाही. या मुलाचं जगात कुणी नाही हे खिडकीकडे पाहून कळलं पाहिजे.

म्हणजे धाकट्याला ठाऊकच नव्हतं. त्यावेळीही नव्हतं आणि नंतरही नाही. तो गाळत नव्हता, लपवत नव्हता. त्याच्या लेखी तिथे कुणी नव्हतंच. रागावायचं तरी कुणावर? थोरला गुपचूप बाहेर गेला आणि खिडकीमागे मोठा दिवा चढवू लागला. काम समोर असलं की त्याला बरं वाटे.

दिवा लागला तशी फडक्याच्या कडेने उजेडाची एक बारीक रेघ खाटेवर उतरली. खाटेवर निजलेल्या हिरोने डोळ्यांवर हात घेतला. तेवढ्यात धाकटा आला.

"दादा, बाहेरचा दिवा बंद कर. काळोखी खोली आहे ही."

"पूर्वेची खिडकी आहे," थोरला मागून म्हणाला. "उन्हाळ्यात पाचला ऊन यायचं. किती झाकलं तरी कडेने रेघ यायचीच."

"मी राहिलोय त्या खोलीत. मला सांगतोस?"

"मीही राहिलोय."

सेटवरची कुजबुज थांबली. कपडेपटाच्या दारात बायको येऊन उभी राहिली होती. धाकटा दमलेला होता. तीन आठवडे त्याची झोप झाली नव्हती, आणि दमलेल्या माणसाच्या तोंडून वर्षानुवर्षं जपलेलं निघून जातं. तो आपल्या भाषेत बोलू लागला, म्हणून इतरांना शब्द कळले नाहीत, पण आवाज सगळ्यांना कळला.

"तू कुठे राहिलास, दादा? पहाटे साडेचारला गोदामात जायचास, मी झोपेत. संध्याकाळी यायचास तेव्हा मी थिएटर झाडायला गेलेला. रविवारी तर तीन खेळ. दोन वर्षं त्या खोलीत मी भिंतीशी बोललो आहे. आणि बाबांनी निघताना दिलेला कोट? पहिल्याच महिन्यात खुंटीवरून गायब! विकलास ना? मला एका शब्दाने विचारलंस? मी आठवतंय तेच लिहिलंय. त्यात तू नाहीस, याला मी काय करू?"

थोरला दिव्याच्या स्टँडला धरून उभा राहिला. घट्टच असलेला स्क्रू तो पुन्हा आवळू लागला. तेव्हा बिचाऱ्या कलादिग्दर्शक बाईच, भांडण दिव्यावरून चाललंय अशा समजुतीने, मध्ये पडल्या.

"सर, ते फडकं नव्हतं असं दादा म्हणतात. कोट होता म्हणे. आणायचा का कपडेपटातून?"

"कुठला कोट?"

धाकट्याने खिडकीकडे पाहिलं, मग भावाकडे, मग पुन्हा खिडकीकडे.

"दादा... कुठला कोट?"

"अरे, तू रात्री दोनला यायचास," थोरला हळूहळू म्हणाला, जणू त्याचीच काही चूक झाली होती. "पाचला तोंडावर ऊन. तीन तासांत जाग यायची तुला. कॉलेजात बाकावर झोपतोस म्हणून मास्तरांची चिठ्ठी आली होती. पडद्याला कापड कुठून आणणार? खोलीत जाड, काळं असं तेवढंच होतं. दोन खिळे मारले... अंधार असाच पडत नाही रे. कुणीतरी पाडावा लागतो. मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

"दोन वर्षं तो तिथेच होता?"

"काढला असता तर ऊन आलं असतं."

"आणि तू? दोन हिवाळे... तू काय घालून जायचास?"

"गोण्या उचलणाऱ्याला कसली थंडी वाजते?"

"खोटं बोलतात," दारातून बायको म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "त्या थंडीने धरलेली छाती अजून सुटलेली नाही, भाऊजी. लग्नापासून मी तो खोकला ऐकते आहे."

धाकटा त्या खाटेपाशी गेला. काळ्या कापडावर त्याने तळवा ठेवला; तो काही तो कोट नव्हता, सेटवरचं कापडच होतं. आणि आपण दोन वर्षं हातभर अंतरावर झोपूनसुद्धा एकदाही हात लावून पाहिला नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर उमटत गेलेलं सगळ्यांनी पाहिलं. मोठमोठ्या नटांना रडवणारा तो दिग्दर्शक खाटेच्या कडेला बसला आणि ओंजळीत तोंड झाकून ढसाढसा रडला. हिरो बावचळून अंथरुणातच उठून बसला. त्याला इशारा करून बाईंनी सगळ्यांना चहाला बाहेर काढलं.

थोरला आत आला. गुडघे कुरकुरत होते, तरी तो भावाशेजारी बसला.

"सगळं बदलतो," धाकटा म्हणाला. "पुन्हा लिहितो. दोघे भाऊ उतरतील गाडीतून."

"बावीस दिवसांचं शूटिंग टाकून देणार? त्यात तुझ्या हिरोला कुठेच भाऊ नाही. वेड्यासारखं करू नकोस."

"मी सगळ्या जगाला सांगतोय की माझं कुणी नव्हतं!"

"तुला तसं वाटत होतं ना? मग ते खरंच आहे." थोरला थांबला. हे त्यालाही आजच कळलं होतं, आणि म्हणून सांगायला जड जात होतं. "मी रोज पहाटे तुझ्याकडे बघायचो. खिडकी झाकलेली दिसली, पांघरूण सारखं केलं, की वाटायचं, झालं आपलं काम. तुला उठवून दोन शब्द बोलावं, असं नाही कधी सुचलं. झोपेचं खोबरं होईल म्हणून... तू भिंतीशी बोलत होतास, हे कुठे ठाऊक होतं मला? माझंही चुकलंच रे."

धाकट्याने बाहीने डोळे पुसले. बाहेर कपबशा वाजत होत्या.

"एक तरी प्रसंग," शेवटी धाकटा म्हणाला. "पहाट. तो झोपलाय. कुणीतरी येतं, कोट ठोकतं आणि जातं. कोण ते सांगायचं नाही. नुसती पाठ आणि हात. पण तूच. नाही म्हणू नकोस, दादा."

थोरल्याने जन्मभर दुसऱ्यांवर उजेड टाकला होता. स्वतः त्यात उभं राहायचं म्हटल्यावर तो उठून दिव्यामागे जायला निघाला. बायकोने कपडेपटातून एक काळा कोट आणला, त्याच्या हातात दिला, आणि कॉलर नसलेल्या त्याच्या सदऱ्याचीच कॉलर नीट केल्यासारखं केलं. बाहेरच्या दिव्यापाशी धाकटा स्वतः जाऊन उभा राहिला. थोरल्याने आतून ओरडून सांगितलं, "दीड हात मागे घे, पहाट आहे, दुपार नव्हे," आणि सगळे हसले. दिवा मागे सरकला. धाकटा परत कॅमेऱ्यापाशी आला.

"ॲक्शन."

थोरला दबक्या पावलांनी आत आला. हिरो डोळे मिटून, भिंतीकडे तोंड करून निजला होता, आणि उजेडाची तिरीप त्याच्या कानावर आली होती. थोरल्याने कोट उलटा केला, बाह्या आत दुमडल्या. पहिला खिळा. मग दुसरा. खोली काळोखली, राहिली ती कडेची एक रेघ. त्याने पांघरूण सारखं केलं. आता पाठ फिरवायची आणि जायचं, एवढंच ठरलं होतं.

तो गेला नाही. तो वाकला, आणि त्याने निजलेल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला हलवलं.

"ऊठ रे," तो आपल्या भाषेत म्हणाला. "मी निघालोय. जरा बोलू या."

हिरोने डोळे उघडले. त्याला ती भाषा येत नव्हती, आणि असं काही स्क्रिप्टमध्ये नव्हतं. तो नुसता बघत राहिला. 'कट' म्हणायची वेळ होऊन गेली. ध्वनिमुद्रकाने प्रश्नार्थक नजरेने कॅमेऱ्याकडे पाहिलं, पण तिथून कुणी टेक थांबवला नाही. आला तो कॅमेऱ्यामागून भरलेला, बसलेला एक आवाज, आणि तो ध्वनिमुद्रणात शिरून टेक वाया गेला.

"उठलोय, दादा," धाकटा म्हणाला. "बस ना."

थोरला खाटेच्या कडेला बसला.