अठरा वर्षांची चव

"ताई, सूप आहे की मिठागर? चाखलंस तरी का?"

भावाने वाडगा आपटला. त्यांच्या सूपच्या गाडीच्या खिडकीबाहेर कारखान्याच्या पाळीची माणसं खोळंबली होती. अठरा वर्षांत टोमॅटो सूपचे वाडगे आज पहिल्यांदा परत आले होते! ताईने मिठाच्या डब्यात बोटं घातली. माप तर नेहमीचंच होतं, मोजून दोन पळ्या...

"मीठ कुठलं आणलंस रे?"

"खडं मिळालं नाही, बारीक आणलं. जीभ आहे ना तुला? थकलीस तू, ताई. उद्यापासून घरी बस, मी आचारी ठेवतो."

घरी? याच गाडीवर तिने आईविना पोरक्या भावाला लहानाचं मोठं केलं होतं, स्वतःच्या संसाराची स्वप्नं निमूट गिळली होती. गाडी गेली तर तिचं म्हणून उरणार काय होतं?

"घे, तूच चाख!" त्याने रागारागात पळी बुडवून तिच्यापुढे धरली. बाहेर खोळंबलेल्या माणसांकडे बघतच तिने घोट घेतला.

"हो रे... खारट झालंय खरं."

भावाने पातेल्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. घाईत पळी शेजारच्या पातेल्यात गेली होती. "ताई... हे नुसतं गरम पाणी आहे!"

आता लपवायला काही उरलं नव्हतं.

"लहानपणी तुला मोठा ताप आला होता ना, त्यातून तू उठलास नि त्याच तापाने मी पडले. बरी झाले, पण चव आणि वास कायमचे गेले."

"म्हणजे गाडी सुरू करण्याआधीच? आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर शाळा सोडून तूच शेगडीपुढे उभा राहिला असतास."

"मग करतेस तरी कशी गं?"

"कांद्याची चुरचुर मंदावली की तो झाला. पळीवरून सूप कसं ओघळतं त्यावरून दाटपणा कळतो. मीठ मापाने; पण बारीक मीठ पळीत जास्त मावतं, तिथेच आज फसले. बाकी पहिल्या गिऱ्हाइकाचा चेहरा बघते."

भावाने हातातली पळी खाली ठेवली. ज्या चवीसाठी माणसं रोज रांगा लावत होती, ती चव जिने घडवली तिला एकदाही लाभली नव्हती! केवढं हे अथांग मन... आणि आपण तिला घरी बसवायला निघालो होतो!

"चुकलो गं, ताई..." त्याला हुंदका आवरेना.

दोघांनी नवं पातेलं चढवलं. सूप उकळल्यावर पहिला घोट भावाने घेतला. अठरा वर्षं मनात दाबलेला प्रश्न ताईने भीतभीत विचारला.

"कसं लागतं रे, माझ्या हातचं?"

"आधी थोडं आंबट... मग कांद्याचा गोडवा येतो... मग हळूच मिरी..."

तिने डोळे मिटले.

"अजून सांग," ती म्हणाली.