डिस्क झोपल्यावर

धाकटा वहिनीकडे आला होता तो अगदी साध्या कामासाठी. दादा जाऊन आठ महिने झाले होते, आणि दादाने अडगळीच्या खोलीत मांडलेला सर्व्हर वहिनीला झोपू देत नव्हता. घरातले सगळे फोटो, लेकीचे लहानपणापासूनचे व्हिडिओ त्या डब्याएवढ्या मशीनमध्ये होते, त्यामुळे ते बंदही करवत नव्हतं. आतल्या दोन हार्ड डिस्क अखंड कुरकुरत असत.

"दाणे भरडल्यासारखा आवाज येतो हो भावजी," वहिनी म्हणाली. "डोक्यावर उशी घेतली तरी कानातून जात नाही."

धाकट्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला उपाय ठाऊक होता. सर्व्हरची सततची बारीकसारीक कामं एका वेगळ्या एसएसडीवर हलवायची. तिच्यात फिरणारं काही नसतं, म्हणून आवाजही नसतो. मग कुणी फोटो उघडेपर्यंत जुन्या डिस्क खुशाल झोपून राहतील.

जेवणं आटोपल्यावर तो कामाला बसला. लेक शाळेत होती, घर सुस्त होतं. खोलीत वर्षानुवर्षं पेटीत राहिलेल्या लोकरीसारखा कोंदट वास होता. मशीन बंद न करताच त्याने बोटाएवढी एसएसडी मागच्या यूएसबी खाचेत बसवली. जुन्या माहितीला धक्का न लावता तिच्यावर नवा, वेगळा कप्पा केला आणि प्रोग्रॅम एकेक करून तिकडे हलवले.

तरी डिस्क थांबेनात.

शोधता शोधता कारण सापडलं. दादानेच एक काम लावून ठेवलं होतं: दर पाच मिनिटांनी डिस्कवर रिकामी फाइल लिहायची आणि पुसायची. बस्स. त्या कामाला नाव दिलं होतं, 'आवाज राहू दे'.

"दादा म्हणजे दिवा विझवला की नाही ते दोनदा मागे वळून बघणारा माणूस," धाकटा हसला. "आणि त्याने हे असलं विजेचं वाटोळं करावं?"

"शेवटी शेवटी ते इथेच बसायचे," वहिनी दारातून म्हणाली. "कडी लावून. मला आत येऊ द्यायचे नाहीत."

धाकट्याने ते काम बंद केलं.

दहा मिनिटांनी एक डिस्क उतरत्या सुरात घरघरली आणि थांबली. पाठोपाठ दुसरी. कितीतरी वर्षांनी त्या घरात शांतता झाली. वहिनीने समाधानाने डोळे मिटले...

आणि मग ते दोघांनाही ऐकू आलं.

मशीनमधून नव्हे, भिंतीपलीकडूनही नव्हे. खोलीतच कुणीतरी बोलत होतं. अगदी हळू, रुसलेल्याची समजूत काढावी तसं. शब्द लागत नव्हते. थोडं बोलायचं, थांबायचं. पुन्हा बोलायचं, पुन्हा थांबायचं... समोरच्याच्या उत्तरासाठी थांबावं तसं.

धाकट्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. "वहिनी... शेजारी कुणी..."

"शेजारचं घर रिकामं आहे," ती कुजबुजली.

आवाज आणखी मवाळ झाला. एक लांबलचक वाक्य, शेवटाला प्रश्नासारखं चढत गेलेलं. मग तो वाट बघत राहिला.

"हो," वहिनी म्हणाली.

धाकट्याने दचकून वर पाहिलं. तिने स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरला होता.

त्याने घाईघाईने दादाचं काम पुन्हा चालू केलं. डिस्क जाग्या झाल्या आणि त्यांच्या भरडण्यात तो आवाज बुडून गेला. दोघं स्वयंपाकघरात येऊन बसली.

"काय विचारलं त्याने?"

"मला काय माहीत, भावजी! पण... नाही म्हणवेना." ती थांबली. "ते कडी लावून बसायचे ना, तेव्हा आतून त्यांचं सारखं ऐकू यायचं... 'नाही. नाही. नाही.' मला वाटायचं, फोनवर असतील."

तेवढ्यात लेक शाळेतून आली. नऊ वर्षांची पोर, एरवी घरात शिरतानाच खायला मागायची. आज ती सरळ आपल्या कपाटाकडे गेली, दप्तर पलंगावर उपडं केलं आणि त्यात कपडे भरू लागली.

"अगं, हे काय चाललंय?" वहिनीने विचारलं.

"निघायचंय ना?" पोर भाबडेपणाने म्हणाली. "ते हळू बोलणारे शाळेच्या दाराशी आले होते. म्हणाले, आई हो म्हणाली."

धाकट्याने धावत जाऊन बाहेरच्या दाराला कडी घातली. तो परतला तेव्हा वहिनी लेकीने कपाटातून काढलेला एक झगा उलटसुलट करून बघत होती. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या मापाचा होता तो; गळ्याच्या आत मात्र लेकीचंच नाव शिवलेलं होतं. त्या घरात कुणी तो कधी विकत घेतला नव्हता.

आणि तो कोपरांवर झिजलेला होता, धुऊन धुऊन विटलेला.