पूर्ण नावाचं ताट

घर ताब्यात मिळालं त्या दिवशी धाकटी नुसती किल्ली हातात धरून दोन मिनिटं दारात उभी होती. सासरी तीन जावांत ती सगळ्यात लहान, म्हणून धाकटी. परदेशात आल्यावर ना थोरली ना मधली, तरी नवरा तिला धाकटीच म्हणायचा आणि तीही ओ द्यायची. इथल्या मोठ्या हॉस्पिटलात ती नर्स म्हणून लागली होती. नवऱ्याला एका गोदामात रात्रपाळीचं काम मिळालं होतं. सहा वर्षांची बिट्टी जवळच्याच शाळेत जाऊ लागली होती. चार महिने एका खोलीत तिघांनी कसेबसे काढल्यावर आता हे घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, खिडकीबाहेर एक झाड. आणखी काय हवं होतं?

घर दाखवणारा एजंट भला माणूस होता. नळ, हीटर, खिडक्यांच्या कड्या, सगळं त्याने हौसेने दाखवलं. "आधीही तुमच्याकडचंच कुटुंब होतं बरं का," तो म्हणाला. "नवरा-बायको आणि एक मुलगा. नाव काय बरं त्यांचं... थांबा हं, जिभेवर आहे." त्याने फाईल उघडली, दोन पानं पुढे, दोन पानं मागे केली आणि कपाळ खाजवून ती मिटून टाकली. "असू दे. वय झालं माझं, दुसरं काय."

ते कुटुंब जाताना एक वस्तू विसरून गेलं होतं. वरच्या कपाटात एक स्टीलचं ताट होतं, आपल्याकडे असतं तसं, जाड काठाचं. धाकटीने सवयीने काठ उजेडात धरून नाव पाहिलं. नाव नव्हतं. नावाच्या जागी एक गुळगुळीत, चकचकीत पट्टा तेवढा होता. किती घासलं असेल बाईने, असं म्हणत तिने ते पुन्हा वर ठेवून दिलं.

तिची स्वतःची तीन ताटं सामानात आली होती. नवऱ्याच्या ताटावर त्याचं नाव, तीन अक्षरी. बिट्टीच्या छोट्या ताटावर नुसतं लाडाचं नाव, दोन अक्षरं. आणि धाकटीच्या ताटाची तर तऱ्हाच निराळी. लग्नाच्या वेळी तिचा बाप भांड्यांच्या दुकानाबाहेर, नाव घालणाऱ्याच्या शेजारी स्टूल टाकून बसला होता आणि एकेक अक्षर त्याच्याकडून घालून घेतलं होतं. चि. सौ. कां. पासून सुरुवात, मग तिचं नाव, मग बापाचं स्वतःचं, मग माहेरचं आडनाव, आणि शेवटी 'सप्रेम भेट'. अर्धा काठ भरला होता. मधली जाऊ हसून म्हणाली होती, "हे ताट आहे की लग्नपत्रिका?" धाकटी तेव्हा लाजेने लाल झाली होती.

तर आता ऐका. नवरा सकाळी साडेआठला कामावरून यायचा आणि धाकटी बिट्टीला घेऊन पावणेसातलाच घराबाहेर पडायची. पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, "माझ्यासाठी काही करून ठेवू नकोस." पण आपल्याकडे 'नको' म्हटलं म्हणजे कोणी खरंच ठेवत नाही का? शिवाय थोरलीने फोनवर बजावलं होतं, "घरातलं माणूस बाहेर असलं की त्याचं ताट झाकून ठेवायचं. दमून येतो बिचारा. रिकामा ओटा बघून झोपायचं का त्याने?"

धाकटी रोज पहाटे उठून स्वयंपाक करायची, त्याचं ताट वाढायची, वर दुसरं भांडं झाकायची आणि टेबलावर ठेवून जायची. दुपारी चारला परत आली की ताट घासून, पुसून, ओट्यावरच्या जाळीत पालथं ठेवलेलं असायचं. पहिल्या दिवशी तर तिचा विश्वासच बसेना. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि ह्या माणसाने कधी चमचा विसळला नव्हता! हवा मानवली म्हणायची. तिने मुद्दामच विषय काढला नाही. उगाच कौतुक करायला जावं आणि त्याने सोडून द्यावं, असं नको.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली की नवरा दोन घास खाऊन हात आखडता घ्यायचा. "भूक नाही गं." सकाळी एवढं चाटूनपुसून खातो, मग संध्याकाळी कुठून भूक लागणार, असं धाकटी मनात म्हणायची. पण तीन आठवड्यांत त्याच्या पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. गालाची हाडं दिसू लागली. धाकटीने हॉस्पिटलात नेऊन सगळं रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट स्वच्छ आले. नवऱ्याची तक्रार वेगळीच होती. "सुपरवायझर हजेरीत माझं नाव गाळतो. रोज सांगतो, रोज विसरतो. बाकी चाळीस जणांची पाठ आहेत गड्याला."

त्यानंतरच्या सोमवारी धाकटी हॉस्पिटलचं ओळखपत्र घरी विसरली. बिट्टीला शाळेत सोडून ती अर्ध्या वाटेवरून परत फिरली. सव्वासात झाले होते. चांगलं उजाडलं होतं, पण रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ह्या वस्तीत दिवसाही माणसाचा आवाज म्हणून येत नसे. जिना चढून तिने कुलूप उघडलं आणि आत पाऊल टाकलं, तर स्वयंपाकघरात नळ चालू होता.

ताट घासल्याचा आवाज येत होता. खस्स... खस्स... सावकाश, एकाच जागी घासल्यासारखा. साबणाचा वास दारापर्यंत आला होता.

"अहो? आज लवकर आलात?"

नळ बंद झाला.

"अहो..."

धाकटीला वाटलं, चेष्टा करतोय. चपला काढता काढता तिचं लक्ष दाराजवळच्या कोपऱ्यात गेलं. नवऱ्याचे कामाचे बूट तिथे नव्हते. तिचा हात पुन्हा दाराच्या कडीकडे गेला. पण बाई नर्स होती, एकटीने रात्रीचे वॉर्ड सांभाळलेली. ती भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेली.

कोणी नव्हतं. खिडकीची कडी आतून लावलेली होती. ताट जाळीत पालथं होतं, त्यावरून पाणी ठिबकत होतं. पुसायचं फडकं चौघडी घालून ठेवलेलं होतं. टेबलाजवळची खुर्ची थोडी मागे सरकवलेली होती, जेवून उठताना सरकवतात तशी. धाकटीने खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. ती कोमट होती.

नवऱ्याला फोन लावला तेव्हा तो बसस्टॉपवर होता.

"अहो, तुम्ही... तुम्ही रोज ताट घासून ठेवता ना?"

"कुठलं ताट?"

"मी सकाळी झाकून ठेवते ते... तुमचं."

पलीकडे बसचा आवाज आला आणि गेला. "अगं, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, ठेवू नकोस म्हणून? मी आलो की सरळ झोपतो. टेबलावर तर कधी काही नसतंच." मग तो घाईघाईने म्हणाला, "धाकटे... तू आहेस कुठे आत्ता? बाहेर ये. आधी बाहेर ये."

ती बाहेर आली, पण ताट हातात घेऊनच. जिन्यात उजेडात तिने काठ पाहिला. नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर गेलं होतं. दुसरं अर्धं. अकरा वर्षांत ज्याचा एक ठिपका झिजला नव्हता, तिथे महिन्याभरात तोच गुळगुळीत, चकचकीत पट्टा. वरच्या कपाटातल्या ताटासारखा.

त्या दिवसापासून ताट झाकून ठेवणं बंद झालं. आणि काय सांगू, तिसऱ्याच दिवशी नवरा संध्याकाळी ओरडत उठला, "काही खायला आहे का? पोटात आग पडलीय नुसती!" मनसोक्त जेवला, वर आणखी मागून घेतलं. धाकटी त्याच्याकडे बघत पदराने डोळे पुसत होती. सुपरवायझरही हाक मारू लागला, फक्त नावाच्या मागच्या अर्ध्या भागानेच. "मारू दे," नवरा हसत म्हणाला. "लाडाचं नाव समजू." सुटलो एकदाचे, असं दोघांनाही वाटलं.

चौथ्या दिवशी बिट्टीचा डबा न उघडता परत आला.

"का गं? खाल्लं नाहीस?"

"पोट भरलंय."

संध्याकाळीही पोट भरलेलं. दुसऱ्या दिवशीही. धाकटी शाळेच्या फाटकाशी उभी असताना बाई एकेका मुलाला नावाने हाक मारून आईबापांच्या हाती देत होत्या. सगळी मुलं गेली. बिट्टी एकटीच भिंतीला टेकून उभी राहिली. रोज तिचा पापा घेणाऱ्या त्या बाई तिच्याकडे बघून शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "ही कोणाची?"

धाकटी बिट्टीला उचलून घेऊन धावत घरी आली. जाळीत छोटं ताट पालथं होतं. ओलं. ते तर ती कपाटात ठेवून गेली होती, त्यात काही वाढलंही नव्हतं. दोन अक्षरांतल्या पहिल्याची वेलांटी गेलेली होती. दोन अक्षरं म्हणजे किती? किती दिवस?

आता तुम्ही म्हणाल, घर सोडायचं. त्यांनी ते केलं नाही असं नाही. दोन दिवस हॉस्पिटलातल्या एका मैत्रिणीकडे राहिली तिघं. तिथेही बिट्टीने पाण्याशिवाय काही तोंडात घेतलं नाही, आणि कपडे न्यायला नवरा घरी गेला तर बिट्टीचं ताट पुन्हा ओलं, अर्धं अक्षर गेलेलं. मग म्हणाल, ताटं फेकून द्यायची. पोरीचं नाव घातलेलं ताट कचऱ्यात टाकायचं, आणि आत्ता, हे सगळं चाललेलं असताना? कुठल्या आईचा हात धजेल? धाकटीचा नाही धजला. रात्रभर बिट्टीला कुशीत घेऊन ती जागी राहिली. पोरीच्या बरगड्या हाताला लागत होत्या.

सकाळी ती मैत्रिणीच्या घरून एकटीच परत आली, स्वयंपाक केला आणि स्वतःचं ताट काढलं. लग्नपत्रिका म्हणून हसले होते ते. अर्धा काठ भरून अक्षरं. आयुष्यात पहिल्यांदा तिने बापाच्या हौसेला हात जोडले. ताट वाढलं, झाकलं, टेबलावर ठेवलं आणि खुर्ची स्वतःच्या हाताने मागे सरकवली.

"हे घ्या," ती रिकाम्या स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. "रोज ठेवीन. पण तिला... तिला हात लावायचा नाही."

दार ओढून ती जिन्यात थांबून राहिली. बराच वेळ काही नाही. मग आत नळ सुरू झाला.

त्या संध्याकाळी बिट्टीने दोनदा मागून जेवण घेतलं. ताट चाटून साफ केलं आणि तोंडाला लागलेलं तसंच आईच्या खांद्याला पुसलं. धाकटी तिच्यासमोर बसून बघत राहिली. तिला स्वतःला भूक नव्हती.

चि. सौ. कां. जायला दोन महिने लागले. नावाला तीन. तेवढ्या काळात तिघं परत इथेच राहायला आली होती आणि नवऱ्याने दुसरं घर शोधायचं थांबवलं होतं, कारण कुठेही गेलं तरी काय होणार हे दोघांना कळून चुकलं होतं. धाकटीला दोन मापं लहान गणवेश घ्यावा लागला. हॉस्पिटलात पाळ्यांच्या यादीतून ती गळू लागली, आणि मेट्रन तिला "अहो, तुम्ही" एवढंच म्हणायची. बिट्टीचे मात्र गाल भरले होते. शाळेतल्या बाई फाटकातूनच तिला हाक मारायच्या. धाकटीला तेवढं पुरे होतं.

बापाचा फोन दर रविवारी यायचा. तो पहिल्यापासून तिला बाळच म्हणायचा, त्यामुळे त्याच्या बोलण्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. ह्या रविवारी धाकटीनेच दुपारी फोन लावला. सकाळी नावाचं शेवटचं अक्षर गेलं होतं, आणि तिने पक्कं ठरवलं होतं.

"बाबा, एक काम होतं. एक ताट पाठवाल? मोठ्या काठाचं."

"पाठवतो की! त्यात काय एवढं? उद्याच जातो दुकानात."

"नाव घालून हवंय. माझं. पूर्ण घाला, चि. सौ. कां. पासून. गावाचंही घाला हवं तर. जेवढं मावेल तेवढं."

"घालतो ना. शेजारी बसून घालून घेतो, मागच्यासारखं." म्हातारा खुशीत हसला. मग कागद-पेन शोधल्याचा आवाज आला, खुर्ची ओढल्याचा आला, पेनाचं टोपण काढल्याचा आला. "हं, सांग."

"काय सांगू?"

"अगं बाळ... नाव काय घालू?"

धाकटीने डोळे मिटून घेतले. तिने नाव सांगितलं. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. पलीकडे बाप प्रत्येक वेळी "हं, हं" म्हणत होता, आणि पुन्हा विचारत होता. तिसऱ्यांदा तो ओशाळून म्हणाला, "लिहितोय गं, पण राहत नाही बघ. आणि... बाळ, माझंही घालायचं ना त्याच्यापुढे? माझं काय ते..."

तिने डोळे उघडले. ताट मांडीवर होतं. अंगठ्याखाली, तिच्या नावाच्या पुढे, बापाच्या नावाचं पहिलं अक्षर होतं. सकाळी ते स्पष्ट होतं, तिने स्वतः पाहिलं होतं. आता अंगठ्याला तिथे काहीच लागत नव्हतं.

आत, बंद स्वयंपाकघरात, नळ चालू झाला.