काचघराची आखणी

काचघर बांधून गणपतरावांना काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. कचेरीतला गोरा साहेब घरी चहाला येणार होता. त्या चहातून शिरस्तेदाराची खुर्ची. शिवाय मंगळवार पेठेतले शेजारी वर्षभर जळणार, ते वेगळंच.

त्यांच्या बायकोला, बयाबाईंना, काय मिळणार होतं? पुसायला चार काचा जास्त.

खोटं वाटलं तर सोडून द्या. पण बयाबाई माझ्या आजोबांच्या सख्ख्या काकू, आणि आजोबा थापा मारायचे ते फक्त कुस्तीबद्दल.

कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा शाहू महाराज होते. कार्तिक महिना होता. आणि रात्र नव्हती... भर दुपार होती.

साहेबाच्या बंगल्याला काचेची खोली होती, आत परदेशी झाडांच्या कुंड्या. तशीच गणपतरावांना परसात हवी होती. हुसेन मिस्त्रीनं खुंट्या ठोकल्या, सूत ताणलं, चुन्याच्या फक्कीनं पाया आखला. सगळे जेवायला गेले.

परत आले, तर एका जागी चुन्याची ओळच नव्हती.

पुसलेली नव्हे. तुडवलेलीही नव्हे. हातभर जागेत चुनाच नव्हता.

"कोंबड्यांनी खाल्ला," गणपतराव म्हणाले.

"कोंबड्या सकाळधरनं डालग्याखाली हायत," बयाबाई म्हणाल्या.

मिस्त्रीनं पुन्हा फक्की मारली. सगळ्यांनी उभं राहून बघितली. जरा पाठ वळली, तेवढ्यात...

तीच जागा. कोरी.

"रावसाहेब, घरात ल्हान पोर हाय काय?" मिस्त्रीनं विचारलं.

"न्हाय." गणपतराव जरा जास्तच लवकर बोलले.

होतं. काही वर्षांपूर्वी. मुलगी. बारशाआधीच गेली, म्हणून तिला नावही नव्हतं. एवढ्या लहानग्याला जाळत नाहीत, पुरतात. ते काम बयाबाईंच्या सासूनं, धोंडुबाईंनी, परसात उरकलं. बाळंतिणीनं खोलीबाहेर पडायचं नसतं, त्यामुळे बयाबाईंना जागा कुणी दाखवली नाही. नंतरही नाही. त्यांनी विचारणं सोडलं. मग रडणंही सोडलं.

परसात वावरताना पाऊल मात्र हलकं टाकायच्या. सगळीकडेच.

त्या दुपारी बयाबाई त्या कोऱ्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या.

काहीच वाटलं नाही.

फक्त चोळी भिजली.

वास आला... दुधाचा.

धोंडुबाई दारात होत्या. "आत ये गं. ऊन लागंल."

"कुणाला, आत्याबाई?"

सासूनं पदर तोंडावर ओढला. तेच उत्तर.

"हितं भिंत दोन हात अलीकडं वळवू की," मिस्त्री हळूच म्हणाला.

"साहेबाचं सरळ आन् आमचं वाकडं? पेठ हसंल. खणा!"

"अवो, तेवढी जागा सोडा." लग्नानंतर बयाबाईंनी मागितलेलं हे पहिलंच.

"खणा म्हणतोय न्हवं!"

हुसेन मिस्त्रीनं सूत गुंडाळलं आणि सरळ घर गाठलं. पहिली कुदळ गणपतरावांनी स्वतः मारली.

कमरेइतकं खणलं.

हाड नाही. दुपट्याची चिंधी नाही... काहीच नाही.

"हितंच ठिवलीती," धोंडुबाई म्हणत राहिल्या. "ह्याच हातांनी."

आपली लेक कुठं आहे, हे बयाबाईंना एक दुपारभर माहीत होतं. तेवढंच.

दुसरा मिस्त्री आला. काचघर झालं. अगदी सरळ. साहेब आला, चहा प्याला, आणि कोपऱ्यात मांडी घालून बसलेल्या बयाबाईंकडे बघून हसला.

"मूल छान आहे," तो मोडक्या मराठीत म्हणाला. "नाव काय?"

बयाबाईंच्या मांडीवर नुसता पदर होता.

गणपतरावांनी साहेबापुढे बिस्किटांची बशी सरकवली...

बयाबाईंनी नाव सांगितलं. शांतपणे. रोज हाक मारत असल्यासारखं.

कोणतं, ते आजोबांनी मला कधीच सांगितलं नाही. "हाक मारली की येती," एवढंच म्हणायचे.

तर हिशेब असा. साहेबाला चहा मिळाला. गणपतरावांना खुर्ची. बयाबाईंना एक नाव. मोल भरलं ते त्या पोरीनं. तिची जागा गेली.

काचघर पडून जमाना झाला. ते परस आता माझ्या वाटणीला आलंय.

मी पाऊल हलकं टाकतो.

सगळीकडेच...