रुसूबाई आणि गंजकी साखळी

"बुबुबुब!" टिल्डा पाण्याखाली जोरात ओरडली. तोंडात श्वास घ्यायची नळी असल्यावर दुसरं काय होणार! डरवेंट नदीचं पाणी सप्टेंबरच्या सुट्टीतही नुसतं बर्फ. बोटं बधिर झाली होती, तरी तिनं ब्रॉनमावशीचा दंड गच्च धरला आणि तळाकडे दाखवलं.

तिथं रुसूबाई बसली होती. बोटाएवढी ठिपकेदार मासोळी, पुढचे दोन पर अगदी हातांसारखे टेकलेले, तोंड कायमचं वाकडं आणि पोटाशी अंड्यांचा झुपका. तिच्यापासून वीतभरावर तळ सफाचट! ना शेवाळ, ना शिंपला. परवा ही टकली जागा तिच्यापासून चांगली दूर होती. आज त्या जागेच्या कडेला एक गंजकी साखळी पडलेली दिसली.

धक्क्यावर धाकटा भाऊ फर्गस गरम कोको घेऊन ताटकळला होता. "शेवाळाचा चोर सापडला?"

"सापडला! कॉलिनकाकांच्या बोटीची साखळी! वारा फिरला की बोट फिरते, आणि बोट फिरली की साखळी तळ खरवडत जाते!"

"मग रुसूबाईला उचलून बाजूला ठेव ना!"

"या मासोळ्यांना हात लावायची बंदी आहे," मावशी म्हणाली. "उरल्यात तरी किती! आणि ती अंडी सोडून हलायची नाही."

"पण दुपारी वारा फिरणार आहे!" टिल्डाला रडूच फुटलं. मावशीनं बंदराच्या कचेरीत फोन लावला, पण सुट्टीचा तो उचलणार कोण?

कॉलिनकाका जवळच खुर्ची टाकून पेपर वाचत होते. "साखळी लांब ठेवलीय म्हणून तर वादळात मला झोप लागते!" ते म्हणाले. "एवढ्याशा माशासाठी बोट हलवू? आणि तो म्हणे हातांवर चालतो! उद्या छत्री घेऊन फिरेल!"

ते खो खो हसले. मोठी माणसंच असं हसण्यावारी न्यायला लागली, तर टिल्डानं करायचं तरी काय?

फर्गस मात्र बोटीकडे टक लावून बघत होता. "काका, सीगल पक्ष्यांनी काय दशा केलीय हो तुमच्या बोटीची! आम्ही घासून देऊ? फुकट!"

"फुकट?" काका टुणकन उठले. "थांबा, धक्क्यालाच आणून बांधतो!"

माशासाठी जे जमेना, ते सीगलांच्या शिटेसाठी झटक्यात जमलं! काकांनी साखळी तिथंच तळाशी सोडली आणि बोट आणली. दुपारी वारा फिरला. पोरं कुडकुडत घासत राहिली.

"पुरे की रे आता!"

"अजून कोपरे राहिलेत, काका!" टिल्डा दात वाजवत म्हणाली. खाली काय चाललंय, साखळी सरकली की नाही, कळायला काहीच मार्ग नव्हता. घासत राहून बोट धक्क्याला अडकवून ठेवण्यापलीकडे तिच्या हातात काही नव्हतं.

अंधार पडला, म्हणून बोट रात्रभर धक्क्यालाच राहिली. सकाळी मावशीबरोबर ती खाली गेली. साखळी होती तिथंच! रुसूबाईही तिथंच, अंड्यांवर हळूहळू पाणी हलवत. मावशीनं काढलेला फोटो काकांनी कितीतरी वेळ बघितला.

"एवढी साखळी उशाशी, आणि ही पळाली का नाही?"

"अंडी टाकून कशी पळेल, काका?"

काकांनी चष्मा पुसला. "माझी अक्कल कुठं गेली होती! शाब्बास, पोरांनो, चांगलं गुंडाळलंत मला! पिल्लं बाहेर येईपर्यंत बोट धक्क्यालाच राहील. साखळीही बदलतो."

"आणि सीगल?" फर्गसनं घाबरत विचारलं.

"आता ब्रश माझ्याकडे!" मग ते टिल्डाकडे वळून हळूच म्हणाले, "खाली गेलीस की तिला माझं सॉरी सांगशील?"

टिल्डानं सांगितलं. अगदी जवळ जाऊन, मनापासून.

"बुबुबुब!"

रुसूबाईचं तोंड तेवढंच वाकडं राहिलं.